जुना लॅपटॉप, नवी कार्यप्रणाली

अंजूरसारख्या गावी थोरल्या भावाचा लॅपटॉप धाकट्या बहिणीकडे येतो, तोवर त्याला आठ-दहा वर्षे झालेली असतात. त्यातील विंडोज १० या कार्यप्रणालीच्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठा व टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. प्रोसेसरही मान्य यादीतला हवा. तसे नसेल तर लिनक्स आहे. सी-डॅकची ‘बॉस’ त्यातलीच.

नवी प्रणाली घातली की यंत्र रखडते, अशी तक्रार होते. दोष बहुधा हार्ड डिस्कचा असतो. हिशेब करू. तबकडी मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्यास सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, ५.५ मिलिसेकंद, हेड सरकण्यास आणखी सुमारे १२. सुरुवातीला विखुरलेले ६,००० तुकडे वाचायचे आहेत असे धरा. शंभराहून अधिक सेकंद गेले! एसएसडीत काहीच फिरत नाही, तुकड्यामागे ०.१ मिलिसेकंद धरला, तर ०.६ सेकंद पुरे.

म्हणून आधी एसएसडी बसवावी, मग प्रणाली. फोटो, टिपणे वगैरे प्रथम पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. बॅटरी थकली असेल तर वीज जाण्याच्या वेळी हे काम काढू नये.

यंत्र सुरू होण्यास लागणारा वेळ बदलाआधी व नंतर घड्याळावर मोजा. तो हिशेबाइतका घटणार नाही, कारण प्रोसेसरचे स्वतःचे काम उरतेच.