थोड्या कमाईत मजेचे जगणे : हिशोबाचा एक धडा

रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीमुळे शिरूर-दौंडच्या पुष्कळ तरुणांच्या हाती दरमहा रोख पगार येऊ लागला. कुणी शिफ्टला जातो, कुणी दुकानात गल्ल्याशेजारी उभा राहतो, कुणी गॅरेजमध्ये काम शिकतो. पगार थोडा, उमेद मोठी. पंचविशीत शौक नसावेत, असे कोण म्हणेल? प्रश्न एवढाच की, शौक रोखीने भागवायचा की हप्त्याने? या धड्यात तेच पाहू.

1) हप्त्याची किंमत

समजा, पगार 15,000 रुपये आहे. दुचाकीसाठी 60,000 रुपये कर्ज घेतले. दर 12 टक्के 'फ्लॅट', मुदत 24 महिने. व्याज 14,400, एकूण फेड 74,400, हप्ता 3,100 रुपये. म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा हाती येण्याआधीच गेला.

यात आणखी एक मेख आहे. मुद्दल दरमहा कमी होत जाते, पण व्याज अखेरपर्यंत पूर्ण 60,000 वरच धरलेले असते. घटत्या बाकीवर मोजले तर हाच दर वर्षाला 21 टक्क्यांच्या वर जातो. व्याज घ्यावे-द्यावे की नाही, हा आपल्यासाठी वेगळाच प्रश्न आहे. तो बाजूला ठेवला तरी निव्वळ व्यापार म्हणून हा सौदा तोट्याचा आहे.

रात्रपाळीला गाडीवाचून पोहोचता येत नसेल, तर गाडी हे कामाचे हत्यार झाले. तरीही 3,100 रुपये दरमहा बाजूला टाकले तर वर्षात 37,200 जमतात. तेवढ्यात कागदपत्रे नीट तपासून जुनी गाडी रोखीने घेता येईल. पण केवळ चौकात मिरवण्यासाठी घेतलेली गाडी दोन वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या ओव्हरटाइममध्ये घालवते. गाडी दारात उभी आणि फिरायला ना वेळ, ना पेट्रोलला पैसे!

2) कपड्याचा शौक

हा तर आमच्या धंद्याचाच विषय. ग्राहक मीटरचा भाव विचारतो, पन्हा विचारत नाही. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला 36 इंची पन्ह्याचे साधारण सव्वादोन मीटर कापड लागते. 58 इंची पन्ह्याचे एक मीटर साठ सेंटीमीटर पुरते. पहिले 150 रुपये मीटर असेल तर 337 रुपये 50 पैसे होतात. दुसरे 200 रुपये मीटर असूनही 320 रुपयांतच भागते. 'महाग' कापड स्वस्त पडले!

दुसरा हिशोब धुण्याचा. 400 रुपयांचा शर्ट 20 धुण्यांत विटला, तर एका धुण्यामागे 20 रुपये पडले. 800 चा शर्ट 80 धुणी टिकला, तर 10 रुपये. सुती कापड शिवण्याआधी भिजवून घ्यावे, म्हणजे नंतर आटत नाही. तीन चांगले जोड असलेला तरुण दहा हलके जोड असलेल्यापेक्षा रुबाबदार दिसतो.

3) फिरण्याचा शौक

आपल्या जवळ काय आहे, तेच आपल्याला ठाऊक नसते. शिरूरकरांना निघोज जवळ. तिथे कुकडीच्या पात्रात, पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत. पूर असताना मात्र जाऊ नये. शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगाव आहे. 1968 ते 1983 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तिथे उत्खनन करून तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. दौंडकरांना भीमेकाठचा पेडगावचा भुईकोट किल्ला आहे. शिवाय जंक्शन असल्याने पुण्याला जाणे-येणे रेल्वेने थोडक्यात होते.

लांब जायचे तर एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' योजना 1988 पासून आहे. 4 किंवा 7 दिवसांचा पास काढावा. महिलांना मार्च 2023 पासून एसटीत निम्मे भाडे आहे, तेव्हा आई-बहिणींनाही बरोबर न्यावे.

4) शौकाचे पाकीट

पगाराच्या दिवशी चार वाटण्या कराव्यात : घर, देणे, बचत आणि शौक. 15,000 त शौकाला 1,000 ठेवले तर आठवड्याला 250 झाले. ते बिनधास्त खर्चावेत, मनात रुखरुख नको. मात्र पाकीट रिकामे झाले की पुढच्या पगारापर्यंत थांबावे. पाच मित्रांनी दरमहा 200 रुपयांची बिनव्याजी भिशी लावली, तर पाळीपाळीने प्रत्येकाला 1,000 रुपये एकदम मिळतात. सहलीला किंवा चांगल्या जोड्याला ते उपयोगी पडतात.

कंजूसपणा म्हणजे बचत नव्हे. जो तरुण स्वतःवर एक रुपयाही खर्चत नाही, तो एखाद्या दिवशी वैतागून सगळेच उधळतो. थोडा शौक वेळेवर भागला की फिजूलखर्चीला आळा बसतो.

गृहपाठ : येत्या महिन्यात रोजचा खर्च वहीत लिहावा. महिनाअखेर ज्या खर्चाने खरा आनंद दिला, त्यापुढे खूण करावी. किती खुणा हप्त्याच्या वस्तूंपुढे पडल्या आणि किती मित्रांबरोबरच्या चहापुढे, ते स्वतःच मोजावे.