एकाच पत्र्यावर तीन रंग

रबरी शिक्क्यात शाई उंचवट्यांना लागते. अम्लाने कोरलेल्या जस्ताच्या पत्र्यात मात्र ती खाचांत भरून वरचा भाग पुसतात. हे दोन्ही प्रकार एकाच पत्र्यावर साधले, तर रंगागणिक कागद नव्याने जुळवण्याची कटकट वाचते. त्यात कागद केसभर सरकला तरी चित्र बिघडते. पॅरिसमध्ये हेटर यांच्या कार्यशाळेत कृष्णा रेड्डी व मुंबईचे कैको मोती यांनी १९५०च्या दशकात ही रीत विकसित केली.

खाचांत पहिली शाई भरून पुसल्यावर, जवसाच्या तेलाने पातळ केलेली दुसरी शाई कठीण रुळाने फिरवतात. ती फक्त उंच भागांना लागते. मग मऊ रुळावर घट्ट शाई घेतात. हा रूळ दबून खोलगट भागांतही उतरतो. उंच भागांवरूनही तो जातोच, पण गंमत अशी की तेथे घट्ट शाई बसत नाही! श्यानता, म्हणजे प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध, पातळ थरात कमी असते. रूळ उचलताना तोच थर मधोमध फाटतो आणि घट्ट थर रुळाबरोबर परत जातो. क्रम उलटा केला, तर पातळ शाई घट्ट शाईवर बसून रंग मिसळतात.

ऑफसेट छापखान्यात ओल्या शाईवर शाई छापताना सर्वांत चिकट शाई पहिली लावतात. का बरे?