ओट्यावरचं मागलं दार

बाळा, परवा फोनवर तू म्हणालास, "आजी, या रविवारी रस्सा मी करणार, मसाल्याचं प्रमाण तेवढं सांग." प्रमाण सांगितलं, कांदा-लसूण मसाला तर तुझ्याकडे आहेच. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, चूल पेटायच्या आधीचं सांगायचंच राहिलं. रस्सा थोडा पातळ झाला तर काही बिघडत नाही. कच्ची कोंबडी हाताळताना चूक झाली तर माणूस अंथरूण धरतं. म्हणून हे सविस्तर लिहिते. तुझ्या खोलीवरच्या पोरांनाही वाचून दाखव.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कोंबडी कधी उंबऱ्याच्या आत येऊ द्यायच्या नाहीत. परसात तीन दगडांची चूल असायची. पातेलं वेगळं, विळी वेगळी, पाटसुद्धा वेगळा. साफ करणं, तुकडे करणं, शिजवणं, सगळं मागल्या दारी चालायचं. हात राखेनं घासून धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय नव्हती. त्यांच्या मनात ते सोवळं-ओवळं होतं. मला नव्या सुनेला तो जाच वाटायचा. पुढं आम्ही कोल्हापुरात दोन खोल्यांत राहायला आलो. तिथं ओटा एक, मोरी एक, आणि मागलं दार नव्हतंच. मला सुटल्यासारखं वाटलं.

तुझा बाबा तेव्हा सात वर्षांचा होता. रविवारी मी पाटावर कोंबडीचे तुकडे केले, पाटावर तांब्याभर पाणी ओतलं, फडक्यानं पुसला आणि त्याच पाटावर काकडी चिरली. बाबाला तिखट चालायचं नाही. त्यानं कोंबडीला हातसुद्धा लावला नाही, कोशिंबीर आणि चपाती तेवढी खाल्ली. मंगळवारी रात्री त्याला ताप चढला, पोटात कळा सुरू झाल्या, जुलाब लागले. दोन दिवस सलाईनवर होता. आम्ही पाच जणांनी कोंबडी भरपेट खाल्ली होती आणि आम्हाला काही झालं नव्हतं. मी डॉक्टरांना तसं सांगितलं, तर त्यांनी एकच विचारलं, "कोशिंबीर कशावर चिरली होती?"

त्या दिवशी मला आत्याबाईंचा उंबरा कळला. पातेल्यातली कोंबडी उकळते, म्हणून ती बाधत नाही. तिचं जे पाणी पाटाला, हाताला, फडक्याला लागतं, ते कधी उकळत नाही. पुढं जे काही सांगते, ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे. तुझ्या फ्लॅटला मागलं दार नाही, तेव्हा ते ओट्यावरच करायचं.

बाजारातून आणताना

सगळा बाजार उरकून कोंबडी शेवटी घ्यायची. भाजीच्या पिशवीत ती टाकायची नाही. पातळ पिशवी हाडाच्या टोकानं फाटते आणि पाणी कोथिंबिरीवर गळतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा ने, दुकानदार त्यात घालून देतो.

समोर कापलेली कोंबडी हाताला कोमट लागते. लोकांना त्याचं कौतुक असतं, पण ती ऊब जंतूंना फार मानवते. कोंबडी साध्या हवेत दोन तासांच्या वर बाहेर राहता कामा नये, आणि ऊन बत्तीस अंशांच्या वर गेलं की एका तासाच्या वर नाही. दुकानातली रांग, रस्ता आणि ओट्यावरचा वेळ, सगळं यात धरायचं. गाडीच्या हुकाला डबा अडकवून चहाला थांबू नकोस.

गटारीला किंवा रविवारी अकरा वाजता दुकानात मुंगी शिरायला जागा नसते. तोवर त्या ओंडक्यावर सकाळपासून किती कोंबड्या कापून झालेल्या असतात. लवकर जा. मांस फिकट गुलाबी असावं, हाताला बुळबुळीत किंवा चिकट लागू नये, वास येऊ नये. दुकानातून बंद पाकीट घेतलंस तर तारीख बघ, आणि फुगलेलं पाकीट घेऊ नकोस.

धुण्याबद्दल

हे तुला पटायला जड जाईल, कारण तू मला तीन पाण्यांनी कोंबडी धुताना पाहिलं आहेस. मी ते सोडलं. का, ते ऐक.

एकदा तुकड्यांना हळद लावून झाल्यावर एक बारीक पीस दिसलं, म्हणून तो तुकडा मी नळाखाली धरला. क्षणभरच. मग मागच्या पांढऱ्या फरशीकडे नजर गेली. तिच्यावर पिवळे ठिपके उडाले होते. शोधत गेले तर चहाच्या गाळणीवर होते, उपड्या घातलेल्या वाट्यांवर होते, आणि हातभर लांब असलेल्या माठाच्या झाकणावरही होते. हळद होती म्हणून ते दिसले. एरवीही इतकेच उडत असणार, आणि मी त्याच वाट्यांत पोरांना दूध देत होते.

पाण्यानं जंतू मरत नाहीत, ते पसरतात. त्यांना मारायचं काम आचेचं. म्हणून पिसं आणि आतली घाण दुकानातच नीट काढून घे. घरी आल्यावर तुकडे कागदी रुमालानं टिपून घे आणि तो कागद लगेच कचऱ्यात टाक. रक्त लागलेलंच असेल आणि धुतल्याशिवाय मन मानत नसेल, तर नळाखाली धरायचं नाही. खोल पातेल्यात आधी पाणी घे, तुकडे अलगद सोड, हलक्या हातानं फिरव, आणि पाणी सिंकच्या भोकाजवळ हळूच ओत. त्याआधी सिंकमधली आणि आजूबाजूची भांडी उचललेली असू देत. मग सिंक, नळ आणि ओटा साबणानं घासून कडक पाण्यानं धुवून काढ.

जे चुलीवर जाणार नाही, ते आधी

बाकी सगळं विसरलास तरी एवढं विसरू नकोस. कोंबडीचा डबा उघडण्याआधी कांदा, काकडी, लिंबू, कोथिंबीर चिरून, झाकून, ओट्यावरून दूर ठेव. पिण्याचं पाणी झाक. ताटं-वाट्या उचल.

मसालाही आधीच काढायचा. हळद, मीठ, तिखट, आलं-लसणाचं वाटण एका ताटलीत काढून घ्यायचं आणि मिसळणाचा डबा बंद करून फळीवर ठेवायचा. कोंबडी चोळता चोळता "मीठ कमी वाटतंय" म्हणून माणूस त्याच हातानं मिठाच्या बरणीत चमचा घालतो. तो चमचा आठवडाभर बरणीतच राहतो. रविवारचं पाणी मग बुधवारच्या ताकात जातं.

हात, फडकं आणि तुझा फोन

कच्च्या कोंबडीला हात लागला की साबणानं वीस सेकंद धुवायचे, नखांखाली आणि अंगठीखालीही. नळ उघडायला बोटं लावू नकोस, कोपरानं उघड, नाहीतर धुतलेला हात पुन्हा त्याच नळाला लागतो. मधेच फ्रिजचं दार, गॅसचं बटण, डब्याचं झाकण यांना हात लावायचा नाही. तुम्ही पोरं फोनवर कृती बघत बघत करता. कोंबडी हातात असताना फोन स्वयंपाकघराच्या बाहेर ठेव. आधी वाचून घे, मग हात घाल.

कोंबडीचा चॉपिंग बोर्ड आणि सुरी वेगळी ठेव, भाजीची वेगळी. दोघांना रंगाची खूण कर, म्हणजे खोलीवरच्या सगळ्यांना कळेल. भेगा पडलेला लाकडी पाट कोंबडीला नको, भेगेतलं पाणी घासून निघत नाही.

आणि ओट्यावरचं फडकं! घरातली सगळ्यात घाण वस्तू तीच, आणि सगळ्यात जास्त विश्वास तिच्यावरच. तिनं कोंबडीचं पाणी पुसलं की पुढं ती जे जे पुसते, तिथं ते लावत जाते. ते पाणी कागदानं टिप आणि कागद फेकून दे. फडकं वापरलंच तर ते लगेच उकळत्या पाण्यात टाक.

फ्रिजमध्ये

कोंबडी त्याच दिवशी शिजवायची, नाहीतर फार तर दुसऱ्या दिवशी. फ्रिज चार अंशांवर किंवा त्याखाली असेल तरच एक-दोन दिवसांचा हिशोब धरायचा. कलेजी मात्र आणली त्याच दिवशी संपवावी.

ठेवायची कशी, ते नीट बघ. तुमच्या एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखाली एक ट्रे असतो. गार असतो म्हणून लोक कोंबडीची पिशवी त्यातच टाकतात. ती गळली की थेंब सायीवर, इडलीच्या पिठावर, चिरलेल्या कलिंगडावर पडतात. कोंबडी झाकणाच्या डब्यात घालायची आणि तो डबा काठाच्या ताटात ठेवून सगळ्यात खालच्या फळीवर ठेवायचा. त्या फळीखाली भाजीचा कप्पा असतो, म्हणून ताट चुकवायचं नाही.

जास्त दिवस ठेवायची तर फ्रीझरमध्ये, उणे अठरा अंशांवर. एका वेळेपुरते वाटे कर, पिशव्यांत चपटे पसर, वर तारीख लिही. चपटा वाटा लवकर गोठतो आणि लवकर सुटतो. बर्फ सोडवायला आदल्या रात्री डबा खालच्या फळीवर आणून ठेव. ओट्यावर रात्रभर ठेवलीस तर आत बर्फ असतो आणि वरचं मांस खराब होऊ लागलेलं असतं. फारच घाई असेल तर पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून गार पाण्यात बुडव, दर अर्ध्या तासानं पाणी बदल आणि सुटल्याबरोबर शिजव.

वीज गेली तर दार उघडून बघत बसू नकोस. बंद फ्रिज चार तास गारवा धरतो. गच्च भरलेला फ्रीझर अठ्ठेचाळीस तास धरतो, अर्धा भरलेला चोवीस.

हळद-मिठावर भिस्त ठेवू नकोस

हळद, मीठ, लिंबू, दही चोळलं की कोंबडी मऊ होते, चव आत मुरते. एवढंच. "हळद लावलीय, दुपारपर्यंत बाहेर राहू दे" असं मीसुद्धा म्हणत आले, ते चूक होतं. मुरवायची ती फ्रिजमध्ये, झाकून. तळाशी उरलेला कच्चा मसाला भाजलेल्या तुकड्यांवर वरून लावायचा नाही. तो रश्श्यात घालून खळखळून उकळायचा.

शिजवताना

तुकडा आत, सगळ्यात जाड जागी, चौऱ्याहत्तर अंशांपर्यंत तापला पाहिजे. रश्श्याची कोंबडी उकळत राहते, तिच्यात सहसा अडचण येत नाही. फसवते ती भाजलेली. गच्चीवर शेगडी पेटवता तुम्ही, तेव्हा तंगडी बाहेरून करपते आणि हाडाजवळ कच्ची राहते. रंगावर जाऊ नकोस. कोवळ्या ब्रॉयलर कोंबडीचं मांस शिजूनही हाडाजवळ गुलाबी दिसतं, आणि कधी पांढरं दिसूनही पुरतं शिजलेलं नसतं. मांसात खुपसायचा तापमापक मिळतो, तो घेऊन ठेव. हाडाला न टेकवता मापायचं.

ज्या पळीनं कच्चे तुकडे परतलेस, तिच्यानं मीठ चाखायचं नाही. उकळी आली की पळी बदल. कच्चे तुकडे ज्या ताटातून शेगडीवर नेलेस, त्या ताटात भाजलेले परत आणू नकोस.

२००६ साली नंदुरबारकडे नवापूरला बर्ड फ्लू आला आणि लोकांनी धास्तीनं कोंबडी सोडली. नीट शिजलेल्या कोंबडीत तो विषाणू जगत नाही. भीती शिजवण्याची नव्हे, शिजवण्याआधीच्या हाताळणीची बाळगायची.

उरलेला रस्सा

जेवणं झाली की पातेलं रात्रभर गॅसवर ठेवू नकोस. दोन तासांच्या आत छोट्या, पसरट डब्यांत काढून फ्रिजमध्ये ठेव. पुन्हा खाताना हवा तेवढाच काढायचा आणि खळखळून उकळायचा. तीन दिवसांत संपवायचा.

आणि तरीही पोट बिघडलं तर

जानेवारी २०२५ मध्ये तुझ्या धायरीत, किरकटवाडीत, नांदेड गावात, सगळ्या सिंहगड रस्त्यावर जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण निघाले, तेव्हा मी इथं रात्र रात्र जागले. मुख्य संशय पाण्यावर होता. पण काही रुग्णांच्या तपासणीत जो कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला, तो कच्च्या कोंबडीतही नेहमी आढळतो. बहुतेकांना तो जुलाब-ताप देतो आणि जातो. क्वचित कुणाच्या बाबतीत जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी शरीर आपल्याच नसांवर उलटतं, तोच हा जीबीएस.

म्हणून जुलाब झाले की ओआरएस घे. रक्त पडलं, ताप चढला किंवा पाणी पोटात ठरेना, तर डॉक्टरकडे जा. आणि बरं वाटल्यावर पायांत मुंग्या आल्या, जिना चढताना पाय उचलेना, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. खोलीवर कुणाची आई-आजी आली असेल, लहान मूल किंवा पोटुशी बाई जेवायला असेल, तर यातलं एकही वगळू नकोस. त्यांना थोडक्यात निभावत नाही.

आत्याबाईंचा उंबरा दगडाचा होता, तो चुकून ओलांडला जायचा नाही. तुझा उंबरा तुला रोज नव्यानं घालावा लागेल. सिंककडची ओट्याची अर्धी बाजू म्हणजे परस समज आणि उरलेली अर्धी म्हणजे घर. रविवारी डब्याचं झाकण काढण्याआधी जरा थांब. माठ झाकलाय का, कोथिंबीर उचललीय का, मिठाची बरणी फळीवर गेलीय का, फोन बाहेर आहे का, एवढं बघ. मगच मागलं दार उघड.