थांबलेल्या इंजिनास पुनः वाफ

पावसाळा जवळ आला म्हणजे तांबळडेगच्या किनाऱ्यावर होड्या ओढून वर घेतल्या जातात व त्यांवर झाप घातले जातात, हें दृश्य मिठबावच्या मुलांस नवें नाहीं. परंतु लाकडी होडी दोनतीन वर्षें तशीच वर पडून राहिली तर तिची काय दशा होते? फळ्या सुकून आकसतात, सांधे उघडतात, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी ती होडी पाण्यांत लोटतांच भरूं लागते. जी वस्तु चालण्यासाठीं घडविली, तिला नुसती जपून ठेवल्यानें ती जपली जात नाहीं. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनाचेंही असेंच आहे. अशा एका इंजिनाची हकीकत आम्ही आज येथें सांगणार आहों.

आपल्या भागांतील विद्यार्थ्यांस हा विषय दूरचा वाटेल. कोंकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग 26 जानेवारी 1998 रोजीं खुला झाला, व त्यावर आरंभापासून डिझेलचीं इंजिनें धांवलीं. धुराचे लोट सोडणारें इंजिन आपल्या आजोबांनीं पाहिलें असेल तर तें कणकवलीस नव्हे, मुंबईकडे गेल्यावरच. त्या बाजूस, कल्याण व कर्जत यांच्या दरम्यान, नेरळ नांवाचें स्थानक आहे. तेथून माथेरानच्या डोंगरावर सुमारें 21 किलोमीटर लांबीचा एक चिमुकला लोहमार्ग जातो. मुंबईचे उद्योगपति सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा व त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची चिकाटी यांच्या बळावर तो 1904 ते 1907 या काळांत बांधला गेला. खर्च सोळा लक्ष रुपये आला. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचेंही या कामीं साहाय्य झालें.

या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर अवघें दोन फूट आहे. चढ कांहीं ठिकाणीं वीस फुटांस एक फूट इतका असून वळणें अतिशय आवळ आहेत. येथेंच अभियंत्यांपुढें पेंच पडला. चढ चढण्यासाठीं सहाही चाकांस जोर मिळावयास हवा. परंतु तीन आंस एका ताठ चौकटींत घट्ट बसविले तर तें इंजिन वळणावर अडतें किंवा रुळांवरून उतरतें. त्यावर एक नामी तोड काढण्यांत आली. पहिल्या व तिसऱ्या आंसाभोंवतीं दुसरा पोकळ आंस घालून चाकें त्या पोकळ आंसास जोडलीं. आंतील आंस चौकटींत सरळच फिरतो. पण मध्यभागीं गोल सांधा असल्यामुळें बाहेरचा आंस चाकांसह किंचित् तिरपा होऊं शकतो. आपला हात खांद्याच्या सांध्यांत जसा फिरतो, तसाच हा प्रकार समजावा. जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्यानें अशीं चार इंजिनें माथेरानसाठीं बनविलीं. पुढें त्यांस 738 ते 741 असे क्रमांक मिळाले.

या चार इंजिनांनीं सुमारें पाऊणशें वर्षें तो डोंगर चढला. 1950 नंतर डिझेलचीं इंजिनें आलीं, व 1980 नंतर थोड्याच वर्षांत वाफेचीं इंजिनें कामावरून उतरलीं. त्यांपैकीं 740 क्रमांकाचें, 1907 सालीं बनलेलें इंजिन देशाबाहेर गेलें, आणि शेवटीं इंग्लंडांतील लेटन बझर्ड येथील लहान रेल्वेकडे आलें. तो मार्ग 1919 मध्यें वाळू वाहून नेण्यासाठीं घातलेला, व त्याचीही रुंदी दोनच फूट! वाळूची वाहतूक सरल्यावर हौशी स्वयंसेवकांनीं तो हातीं घेतला. असे स्वयंसेवकांनीं रेल्वे चालविण्याचे प्रयोग जगांत प्रथम वेल्समधील टालिलिन येथें 1951 मध्यें सुरू झाले. आठवडाभर कोणी शाळेंत शिकवितो, कोणी कचेरींत लिहितो, आणि सुटीच्या दिवशीं अंगाला तेल व काजळी माखून घेतो.

जुनें इंजिन हातीं आलें म्हणजे प्रथम काय करावें लागतें? रंग देणें हें सर्वांत शेवटचें काम. आधीं बॉयलर उघडा करावा लागतो. त्याच्या पोटांतून ज्या नळ्यांवाटे भट्टीचा धूर व उष्णता जाते, त्या काढून टाकतात. पत्र्याची जाडी ठिकठिकाणीं मोजतात. जेथें गंजानें पत्रा खाल्ला असेल तेथें नवा बसवितात. मग बॉयलर पाण्यानें कांठोकांठ भरून त्यावर नेहमींहून अधिक दाब देतात. वाफ न भरतां पाणीच कां? पाण्याचें आकारमान दाबानें फारसें कमी होत नाहीं. म्हणून एखादा सांधा फुटला तर पाण्याची चिळकांडी उडून दाब लगेच उतरतो. वाफ मात्र फुटतांच अनेकपट फुगते व माणसांचे प्राण घेते. चाकांचें काम तर आपल्या लोहारास सांगण्याचीही गरज नाहीं. बैलगाडीच्या चाकावर तो जशी धांव तापवून चढवितो आणि थंड होतांच ती घट्ट आवळते, त्याच नियमानें इंजिनाच्या चाकावरही पोलादी धांव चढविली जाते.

येथें एखादे पालक विचारतील, “एवढा पैसा व श्रम त्या मोडक्या लोखंडावर कशाला?” हा प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर लोखंडांत नाहीं. भट्टींत कोळसा किती व कोठें टाकावा, चढ लागण्यापूर्वी पाणी किती असावें, रिव्हेट तापल्याचें रंगावरून कसें ओळखावें, या गोष्टी पुस्तकांत अर्ध्याच मिळतात. उरलेली अर्धी विद्या हातांत असते, आणि हात थांबले कीं ती एका पिढींत नाहींशी होते. आपल्या देशांतही ही विद्या जिवंत असल्याचा दाखला आहे. 1855 सालचें ‘फेअरी क्वीन’ नांवाचें इंजिन 1909 मध्यें कामावरून निवृत्त झालें होतें. मद्रासजवळच्या पेरांबूर येथील कारागिरांनीं तें दुरुस्त केलें, आणि 1997 मध्यें तें पुनः प्रवासी घेऊन धांवलें. नेरळ येथेंही दार्जिलिंगच्या लोहमार्गावरील 794 क्रमांकाचें वाफेचें इंजिन आणण्यांत आलें, कारण तेथील रुळांचें अंतरही दोन फूटच आहे.

तेव्हां विद्यार्थ्यांनो, माथेरानास जाण्याचा योग आला तर तें वळण अवश्य पहा, आणि इंजिनाची चाकें त्यावर कशीं वळतात याचा विचार करा. पण त्याआधीं एक काम घराजवळचें करा. फायबरच्या होड्या आल्यापासून लाकडी होडी बांधणारे सुतार कमी होत चालले आहेत. त्यांच्यापैकीं कोणी वृद्ध कारागीर आपल्या ओळखीचे असतील, तर सुटींत त्यांच्यापाशीं जाऊन बसा. होडीच्या एकेका भागाचें नांव, फळी वांकविण्याची रीत व सांधा भरण्याची रीत वहींत उतरून घ्या. आणि त्यांनीं परवानगी दिली तर हातांत हत्यारही घ्या. वहींतील विद्या अर्धीच, हें आपण वर पाहिलेंच आहे.