फोटोसाठी संगणक घेताना आधी पडदा बघा



गेल्या वर्षीच्या वार्षिकांकात स्नेहसंमेलनाचे फोटो छापून आले, तेव्हा बऱ्याच मुलांचे चेहरे काळवंडलेले दिसले. पालकांनी विचारणा केली. छापखान्याकडे बोट दाखवण्याआधी आम्ही मूळ फाइली पुन्हा उघडल्या, आणि चूक आमचीच निघाली. आमचा मॉनिटर फार उजळ ठेवलेला होता. त्यावर चेहरे स्वच्छ दिसत, म्हणून आम्ही फोटो गडद करून पाठवले. त्याच्या आदल्या वर्षी, जुन्या मॉनिटरवर, नेमके उलटे घडले होते. एका सावळ्या मुलीचा चेहरा आम्ही इतका उजळला, की तिच्या आजीने अंक हातात घेऊन विचारले, "ही कोण?" तो प्रश्न आम्ही विसरलेलो नाही.

आता संस्थेने फोटोंच्या कामासाठी नवा संगणक घेण्याचे मान्य केले आहे. काही पालकही घरी घेण्याच्या विचारात आहेत. म्हणून हा लेख.

दुकानदाराच्या कोटेशनमध्ये पहिली ओळ प्रोसेसरची असते आणि मॉनिटर बहुधा शेवटी "सोबत" येतो. फोटोच्या कामाला हा क्रम उलटा हवा. संगणक मंद असेल तर काम उशिरा होते, पण पडदा खोटा असेल तर काम चुकते.

मॉनिटर आयपीएस जातीचा घ्यावा. स्वस्तातल्या टीएन पडद्यावर मान थोडी वरखाली केली तरी रंग आणि उजेड बदलतो. आमचा जुना मॉनिटर तसलाच होता. उभे राहून पाहणाऱ्याला एक चेहरा दिसे, बसलेल्याला दुसरा. माहितीपत्रकात एसआरजीबी हा शब्द शोधा आणि त्याचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ आहे ना, ते पाहा. १९९६ साली पुढे आलेले हे रंगांचे माप आजही बहुतेक फोटो लॅब व मोबाइल यांना चालते. त्याहून मोठ्या अॅडोबी आरजीबीसाठी जादा पैसे शाळेने मोजू नयेत, असे आमचे मत आहे.

दुकानात जाताना स्वतःचा एक फोटो पेनड्राइव्हवर न्या. त्यात पांढरा गणवेश, काळे केस आणि ओळखीचा चेहरा असावा. शर्टाच्या चुण्या दिसतात का? केसांच्या बटा वेगळ्या दिसतात का, की सगळा काळा गोळा? मग बाजूला सरकून पुन्हा पाहा. दुकानात पडदे डोळ्यांत भरावेत म्हणून बहुधा भडक ठेवलेले असतात. ते आधी कमी करायला सांगा.

घरी आणल्यावर उजेड बेताचा ठेवा. छपाईच्या कामाला ८० ते १२० कँडेला पुरतो. अनेक मॉनिटर नवे असताना याच्या दुपटीहून उजळ असतात. कॅलिब्रेटर नावाचे छोटे उपकरण पडद्यावर टेकवून रंग जुळवता येतात. पडदा जुना होत जातो तसे रंग सरकतात, म्हणून हे अधूनमधून पुन्हा करावे लागते. खिडकीचे ऊन पडद्यावर येऊ देऊ नये.

वडगाव, खासबागच्या विणकर पालकांना यात नवे काही वाटणार नाही. फोटोत साडी एका रंगाची आणि ग्राहकाच्या हाती पडते ती दुसऱ्याच, हा अनुभव त्यांच्याकडे आहेच. चेहऱ्याचे तर त्याहून अवघड. आपल्या बेळगावचे व्यक्तिचित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार घडले. चित्रकलेच्या तासाला बसलेल्या मुलांना ठाऊक आहे, की सावळ्या त्वचेत तांबूस, पिवळा, सावलीत निळसर असे कितीतरी रंग असतात. ते दिसलेच नाहीत तर राखणार कसे? आणि चेहरा गोरा करणे ही दुरुस्ती नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो.

आता संगणकाचे थोडे गणित. ६००० गुणिले ४००० म्हणजे दोन कोटी चाळीस लाख ठिपक्यांचा फोटो. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे उघडल्यावर सुमारे ७२ एमबी. १६ बिटमध्ये त्याच्या दुप्पट, आणि वर चढवलेल्या प्रत्येक पूर्ण थराला पुन्हा तेवढेच. म्हणून रॅम किमान १६ जीबी, जमल्यास ३२. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. मधल्या दर्जाचा प्रोसेसर चालेल, आणि खेळांसाठीचे महागडे ग्राफिक्स कार्ड नकोच (मुलांनी नाराज होऊ नये). गिम्प आणि डार्कटेबल विनामूल्य मिळतात. लॅपटॉप घरी असेल तर त्यालाच चांगला मॉनिटर जोडा.

१९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर वरच्या फोटोचा एका वेळी पूर्ण आकारात जेमतेम बारावा भाग दिसतो. २५६० गुणिले १४४० च्या पडद्यावर हाच भाग सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा होतो, म्हणून २७ इंची मॉनिटरला हे माप बरे.

पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा यूपीएस त्याच खर्चात धरावा. जुन्या तुकड्यांचे फोटो स्कॅन केल्यावर प्रत दोन ठिकाणी ठेवावी.

यंदाचा अंक छापखान्यात जाण्याआधी प्रत्येक वर्गाचा एक फोटो कागदावर काढून फलकावर लावणार आहोत. पालकांनी येऊन आपापल्या मुलांचे चेहरे पाहावेत. आजींनाही आणावे.