थंडीत सडांची राखण : दिवसाला साडेचार रुपये

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधी कधी 6 अंशांखाली उतरतो. द्राक्षाचे घड वाचवायला बागेत शेकोट्या पेटतात. गाईच्या सडांकडे मात्र ती धारेला लाथ मारेपर्यंत लक्ष जात नाही. मग बॅटरीच्या उजेडात पाहिलं, की सडावर केसाएवढी आडवी भेग दिसते आणि कडेला रक्ताचा ठिपका. सडाच्या कातडीत तेलग्रंथी नसतात. ओल्या सडाला बोचरा वारा लागला की कातडी उलते, भेगेत जंतू ठाण मांडतात आणि पुढे दगडी होते.

एका गाईचा 90 दिवसांचा खर्च (भाव अंदाजे, दुकानागणिक फरक पडेल)

- 5 टक्के पोव्हिडोन आयोडीन, सुमारे 765 मिली : 310 रुपये
- ग्लिसरीन, 135 मिली : 80 रुपये
- सड बुडवायचा कप, एकदाच : 200 रुपये

85 मिली आयोडीनमध्ये 15 मिली ग्लिसरीन मिसळा. दोन्ही वेळची धार धरून दिवसाला 10 मिली पुरतं. कप सोडला तर रोजचा खर्च साडेचार रुपयांच्या आतच राहतो.

वापर असा

कास कोमट पाण्यानं धुवा आणि स्वच्छ सुती फडक्यानं कोरडी करा. फडकं प्रत्येक गाईला वेगळं. अंगठा मुडपून ओढू नका, पूर्ण मुठीनं धार काढा. धार झाली की सड द्रावणात बुडवा, अर्ध्या मिनिटानं टोकाचा थेंब टिपून घ्या आणि मगच गाय वाऱ्यात सोडा. धारेनंतर सडाचं तोंड काही वेळ उघडं राहतं, म्हणून पुढ्यात वैरण टाकून तिला अर्धा तास उभी ठेवा. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा, खाली कोरडं पाचट पसरा. कपातलं उरलेलं द्रावण बाटलीत परत ओतू नका.

हयगयीची किंमत

10 लिटरची गाय, 30 रुपये भाव धरा. दगडीच्या औषधांमुळे आठवडाभर दूध डेअरीला घालता आलं नाही, तर 2,100 रुपये तिथंच गेले. डॉक्टरांची फी, सडात सोडायच्या ट्यूब, इंजेक्शनं वेगळी. सड कायमचा बंद पडला, तर प्रत्येक वेतात तेवढं दूध कमी.

सूज आली, सड गरम लागला किंवा दुधात गुठळ्या दिसल्या, तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. आणि आज संध्याकाळच्या धारेला चारही सडांवरून हळुवार बोट फिरवून पाहा. खरखर लागली, तर बाटली उद्याच आणा.