पुलीचा हिशेब

दिवाळी चार दिवसांवर आली होती. गावातील पिठाच्या गिरणीपुढे डब्यांची लांबच लांब रांग लागली होती. दळण लवकर उरकावे म्हणून गिरणीवाल्याने एक युक्ती योजिली. विजेच्या मोटारीवरील १२५ मिलिमीटर व्यासाची पुली काढून त्याने तेथे १७५ मिलिमीटरची पुली बसविली. जाते भरधाव फिरू लागले. परंतु थोड्याच वेळात पिठाचा हाताला चटका बसू लागला, मोटार तापली आणि पट्ट्याचा जळका वास सुटला. घाबरून त्याने गिरणी बंद केली व वृद्ध मिस्त्रीस बोलावणे धाडले.

मिस्त्रीने हत्यारांच्या आधी खडू हाती घेतला. तो म्हणाला, "शेठ, दोन्ही पुल्यांवरून एकच पट्टा धावतो. म्हणून एका पुलीचा व्यास व तिचे फेरे यांचा गुणाकार दुसरीच्या गुणाकाराइतकाच असतो. तुमची मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते. जात्यावरील पुली ३०० मिलिमीटरची आहे. पूर्वी जाते ६०० फेरे घेत असे. आज ते ८४० घेऊ लागले. ठरलेल्या मर्यादेबाहेर फिरविलेला दगड फुटूही शकतो."

"पण मिस्त्रीबुवा, मोटार तर तीच आहे!"

"म्हणूनच ती तापली. लहान पुलीने मोठी पुली फिरविली की वेग घटतो, पण त्याच प्रमाणात जोर वाढतो. तुम्ही वेग वाढविलात आणि जोर घटविलात. ती उणीव मोटारीला भरून काढावी लागली."

"मग याहून लहान पुली बसविली तर?"

"तिच्यावरून पट्टा फार वाकेल आणि लवकर चिरेल. शिवाय त्याची पकडही कमी होईल."

मिस्त्रीने मुख्य बटण बंद करून फ्यूज काढून ठेवला. मग जुनी पुली दांड्यावर सरकवून खाचेत चावी घट्ट बसविली. दोन्ही पुल्यांच्या कडांवर दोरी ताणून त्या एका रेषेत आहेत याची खात्री केली. कारण तिरपा धावणारा पट्टा एका बाजूने झिजतो. पाचरीच्या आकाराचा तो पट्टा खाचेच्या दोन्ही बाजूंना चिकटून बसला, तळाला टेकला नाही. शेवटी मोटार सरकवून त्याने पट्टा बेताने ताणला. सैल पट्टा घसरतो व जळतो. अति ताणलेला पट्टा बेअरिंगे खातो. पदर किंवा धोतराचा सोगा पट्ट्यात सापडू नये म्हणून जाळीही त्याने आठवणीने परत लावली.

गिरणी पुन्हा सुरू झाली. शेवटचा डबा दळून होईतो रात्र झाली. परंतु पीठ हाताला कोमट लागत होते. गिरणीवाल्याने भिंतीवरील खडूचा तो हिशेब पुसू दिला नाही.